जाळीदार वाण

आमच्या नांदेडच्या घरात हॉल नाही, स्पीकर आहे. त्यातून उरलेल्या जागेत मी, माझी बायको दामिनी आणि एक दिवाण असे राहतो. पाहुणा आला की आधी पोट आत घेतो, मग स्पीकरला वळसा घालतो आणि दिवाणावर टेकता टेकता विचारतो, "हे फ्रिज इथं कामून ठेवलं?" मी आता उत्तर द्यायचं सोडून दिलंय.

फ्रिज नाही, बेस गिटारचा कॅबिनेट आहे. माझ्या छातीएवढा उंच, पोटात दहा इंची आठ स्पीकर, समोर पोलादी जाळी. त्याच्या डोक्यावर त्याचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा बारीक आवाज मोठा करून खाली स्पीकरला देणारी पेटी. मैदानात वाजवायची ही वस्तू. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही.

हा मी विकत घेतलेला नाही. सासऱ्यांनी दिला. धोंड्याच्या महिन्यात, वाण म्हणून.

अधिक महिन्यात जावयाला जे द्यायचं ते जाळीदार असावं असा आमच्याकडे नेम आहे. म्हणून अनारसे, म्हणून बत्तासे. माझ्या साडूला गेल्या खेपेला चांदीची चाळणी मिळाली होती. ती तो कपाटात ठेवतो आणि सुखानं जगतो. माझ्या वेळेला सासरे म्हणाले, "जावईबापू, औंदा सोनं-चांदी न्हाई. तुमच्या कामाची वस्तू घिऊ." मी औषधांच्या होलसेल दुकानात बिलं करतो, पण माझं काम म्हणजे बेस गिटार हे त्यांनी धरून चाललं, याचा मला केवढा आनंद झाला! दुसऱ्याच दिवशी मी लातूरला हजर.

सासरे, गुंडप्पा हुडगे, लातूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने आडते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, आणि कुणाचंही न ऐकण्याची ख्याती. सासूबाई नीलम्मा त्यांच्या मागे दोन पावलं. आम्ही तिघं गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत श्रीमंतभाऊच्या साऊंडच्या दुकानात गेलो.

मला काय पाहिजे ते मला पक्कं ठाऊक होतं. बारा इंची एका स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात. एका हातात उचलायचा, ऑटोत मांडीवर घ्यायचा, हॉटेलात खुर्चीवर जरासा तिरका ठेवायचा म्हणजे सूर आपल्याच कानाकडे येतो आणि जमीन गुरगुरत नाही. श्रीमंतभाऊकडे तसा एक होता. मी गिटार जोडली आणि हळू वाजवून पाहिली. काय सूर होता! गोल, स्वच्छ, एकेक वेगळा. माझा जीव तिथंच जडला.

सासरे पुढे आले. पोत्यातल्या सोयाबीनची ओल बघावी तसा त्यांनी जाळीवर तळहात ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हे तर बोलंना."

"मामा, ह्याचा आवाज मोठा नसतो, पण बगा ना, सूर कसा —"

मी चांगला पाच मिनिटं बोललो. छोट्या जागेत मोठा स्पीकर कसा वाया जातो, गायिकेच्या आवाजावर बेस चढला तर गाणं कसं मरतं, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून सगळं बघितलं आणि माझं संपल्यावर पुढच्या डब्यावर हात ठेवला. तो पंधरा इंची होता. "पुटपुटून राहिलंय नुसतं," म्हणाले. कोपऱ्यात, पोत्यानं झाकलेला हा आठ स्पीकरवाला उभा होता. कोणा ऑर्केस्ट्रावाल्यानं मागवलेला आणि नंतर न नेलेला. श्रीमंतभाऊनं हसत हसतच तो जोडला. मी सगळ्यात खालची तार छेडली. दुकानातल्या काचा थरथरल्या, सासूबाईंनी पदर छातीशी धरला आणि सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं ह्यांना सोयाबीनला दुप्पट भाव मिळाला.

"हां! हे बोललं!"

"मामा, हे उचलायला चार माणसं लागतात."

"मंग हायत की आपल्याकडं चार माणसं."

सासूबाई जाळीवरून बोट फिरवत होत्या. "आन् जाळी बगा की बापू, केवडी! चाळणी काय हो हिच्यापुढं? असलं वाण उभ्या लातुरात कुणी दिलं नसंल."

आता सांगा, ह्यावर जावयानं काय बोलायचं? वाणात खोड काढत नाहीत. मी वाकून पाया पडलो.

आठवड्याभरानं टेम्पो आला. आडतीवरच्या चार हमालांनी तो क्विंटलचं पोतं चढवावं तसा पाठीवर घेतला आणि तीन जिने चढवून हॉलमध्ये टेकवला. दाराच्या चौकटीचा एक टवका गेला, तो अजून तसाच आहे. आमच्याकडे भेटीच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत. तांब्या असो की घागर, देणाऱ्याचं नाव पाहिजेच. लाकडावर मशीन चालत नाही म्हणून सासऱ्यांनी पेंटर गाठला होता. जाळीच्या वरच्या पट्टीवर, दहा हातांवरून वाचता येईल अशा पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चि. जावई संगमेश्वर यांस अधिकमासानिमित्त सप्रेम भेट. गुंडप्पा शिवमूर्ती हुडगे, आडत दुकान, लातूर.'

चहा पिऊन हमाल गेले आणि माझ्या लक्षात आलं की मी अडकलो.

घरात तो वाजवता येत नाही. बटण जरासं फिरवलं की खालच्या मजल्यावरच्या पार्वतीबाईंच्या मांडणीतली ताटं वाजायला लागतात, आणि मग पार्वतीबाई वाजायला लागतात. एवढ्या हळू आवाजात ते आठ स्पीकर तोंडच उघडत नाहीत. बाहेर न्यायचा तर हमाल पाहिजेत. नांदेडचे हमाल तिसरा मजला म्हटल्यावर हात जोडतात. उरले सासऱ्यांचे. म्हणजे मी कुठं वाजवायचं हे सासरे ठरवणार. निलंग्यात भाच्याच्या दुकानाचं उद्घाटन, किल्लारीत कोणाच्या तरी नातवाचं बारसं, उदगीरला समाजाचा मेळावा. फोन यायचा, "बापू, टेम्पो लावून दिलोय." मी नको म्हणायचो. ते पलीकडून "हाव, हाव" म्हणायचे आणि टेम्पो यायचाच. ह्या माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवयच नाही, अशी माझी खात्री झाली होती.

"मग लातूरलाच राहू दे की बाबांकडं," मी एकदा दामिनीला म्हणालो.

"वाण कुठं परत करतेत का?" ती म्हणाली. "आई हाय खाईल. वर म्हणेल, पोरीचं काहीतरी बिनसलंय."

विकायचं नाव तर काढायची सोय नव्हती. सगळ्या मराठवाड्यात ते नाव वाचून झालं होतं.

अशात भागवतचा फोन आला. भागवत कीबोर्ड वाजवतो, धम्मप्रिया गाते, मी बेस. आम्ही तिघं कॉलेजपासून एकत्र. तरोड्याकडच्या एका हॉटेलच्या गच्चीवर दर शनिवारी वाजवायचं ठरत होतं. लोक जेवतील, आम्ही हळू आवाजात जुनी गाणी वाजवू. असं काम नांदेडात कोण देतं? वरातीपुढं छाती फोडणारा डीजे सगळ्यांना पाहिजे, ऐकायला बसणारं गिऱ्हाईक कुणालाच नको. आम्ही वर्षानुवर्षं ह्याचीच वाट बघत होतो.

मालकाची अट एकच, जागा कोपऱ्यातली, सामान हातात मावेल तेवढंच. मी गिटार हॉटेलच्याच भिंतीवरच्या बॉक्सला जोडून पाहिली. त्यातून बेस निघाला की पत्रा हलल्यासारखा खडखडाट व्हायचा, सूर कुठला ते कळायचं नाही. माझ्याकडे धड दुसरा अ‍ॅम्प नाही, आणि हा गेल्याशिवाय दुसऱ्याला ना पैसे ना जागा.

"संग्या, एक सांगू का," भागवत म्हणाला, "न्हाईच जमलं तर बेस मी डाव्या हातानं काढतो कीबोर्डवर. लोकाला फरक कळत न्हाई."

त्यानं ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला रात्रभर झोप नाही. डावा हात! माझ्या सगळ्या आयुष्याची किंमत भागवतचा डावा हात!

सकाळी मी श्रीमंतभाऊला फोन केला. तो बारा इंची अजून दुकानातच होता. त्याला हैदराबादेत आठ स्पीकरवाल्याचं गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि अदलाबदलीला तो आनंदानं तयार झाला. पुढच्याच गुरुवारी सासऱ्यांच्या पुतणीचं लग्न जळकोटला होतं. कॅबिनेट तिथं येणारच होता, सासऱ्यांच्याच हमालांच्या पाठीवर. आम्ही ठरवलं, जेवणावळी उरकत आल्या की श्रीमंतभाऊनं पिकअप घेऊन मंडपामागे यायचं, मोठा न्यायचा, लहान द्यायचा. सासऱ्यांना सांगायचं, स्पीकर जळाला, दुरुस्तीला पाठवला. दुरुस्ती काय, वर्षभर चालू शकते.

दामिनी पोळ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबांशी खोटं बोलायचं तर तुम्ही बोला," ती म्हणाली. "मी तिथं थांबणार न्हाई. पण थांबवणार बी न्हाई. मला बी हॉल पाहिजे."

जळकोटचं लग्न दुपारी लागलं. अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या. मंडपाच्या एका अंगाला आमचं स्टेज. मागे तो काळा डोंगर आणि त्यावर सासऱ्यांचं नाव. धम्मप्रिया गात होती, भागवत वाजवत होता, आणि मी बटण जेमतेम एक चतुर्थांश फिरवून, कोणाच्या वरणात लाटा येऊ नयेत एवढ्या बेतानं तारा छेडत होतो. मन पिकअपकडे.

सासरे नेहमीसारखेच आले. यजमान माणूस, पंगतीत फिरावं, कोणाला आग्रह करावा. ते सोडून त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, स्टेजवर चढवली आणि कॅबिनेटला खेटून ठेवली. पाठ त्याला टेकवली, एक हात मागे जाळीवर. प्रत्येक कार्यक्रमात हे असंच. मला त्याची चीड यायची. वाटायचं, नावाची पाटी कमी पडली म्हणून स्वतःच शेजारी बसतात. व्याही बोलवायला आले, त्यांनी मान हलवली आणि बसून राहिले. नवरदेवाच्या मामानं खाली उभं राहून काहीतरी विचारलं, दोनदा विचारलं, आणि उत्तर न मिळाल्यानं फुगून निघून गेला. केवढा हा ताठा, मी मनात म्हणालो. बरं झालं, आज सुटलो.

पंगती विरळ झाल्या. मंडपामागे पिकअपचा हॉर्न वाजला. मी धम्मप्रियाला खूण केली, तिनं गाणं संपवलं. भागवत खाली उतरला. सासरे डोळे मिटून तसेच बसले होते. मला वाटलं डुलकी लागली. मी अ‍ॅम्प बंद केला आणि मागची वायर काढायला वाकलो.

"बापू, काढू नका अजून."

सासूबाई होत्या. हातात माझ्यासाठी मठ्ठ्याचा ग्लास, नजर मंडपामागच्या पिकअपकडे. त्यांना सगळं समजलं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही.

"अजून एक वाजवा. त्येंच्यासाठी."

"मामी, मामांना झोप लागलीय."

"झोप न्हाई लागली. तुमचं थांबलं म्हणून डोळे मिटून बसलेत. परत सुरू हुईल म्हणून." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला, जरी त्याची काही गरज नव्हती. "त्येंला ऐकू येत न्हाई बापू. उजवा कान तर कधीचाच गेलाय. डावा बी गेला म्हणल्यावानी. सौद्यात लिलाव पुकारतेत तर समोरच्याच्या तोंडाकडं बघून वळखतेत. फोन आला तर हाव हाव म्हणतेत आन् मला देतेत. मोंढ्यात कळलं तर आडत बसंल म्हणून मला शपथ घातली, लेकीला बी सांगायचं न्हाई. मशीन लावा म्हणलं तर अंगावर येतेत."

मी तसाच वाकलेला होतो, वायर हातात.

"घरी टीव्ही लावत न्हाईत. भजनाला जायचं सोडलं. नुसतं बसून राहतेत. त्या दिवशी दुकानात तुमचं ह्ये वाजलं आन् घरी येऊन मला म्हणले, नीले, जावयाचं वाजवणं मला ऐकू आलं. हातातून ऐकू आलं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "म्हणून तर टेम्पो लावतेत हो सारखे. बारशाला कोण एवढा डबा नेतंय?"

बोलंना. पुटपुटून राहिलंय. हे बोललं. दुकानातले ते तीन शेरे माझ्या डोक्यात एकामागे एक आले आणि माझे कान तापले. त्या दिवशी मी पाच मिनिटं त्यांना समजावत होतो आणि ते माझ्या ओठांमागे धावत होते! मला लाज वाटली, भयंकर वाटली. आणि खरं सांगतो, त्याच्याच जोडीला रागही आला. कारण सुटायची वाट इतकी जवळ होती, तिचा हॉर्न मला ऐकू येत होता, आणि ह्या बाईनं मठ्ठ्याच्या ग्लासासकट ती बंद केली होती. आधी मी नुसता एका डब्यात अडकलो होतो. आता हलायची सोयच राहिली नाही.

श्रीमंतभाऊ कनातीतून डोकावला. त्याच्या हातात तो बारा इंची होता, एका हातात, टिफिनचा डबा धरावा तसा सहज. माझा जीव अजूनही त्याच्यावर जडलेला होता.

"चला, लवकर करू," तो म्हणाला. "पोरं बी आणलीत उचलायला."

"न्हाई जमत श्रीमंतभाऊ."

"काय झालं? जळला का खरंच?"

"जळला न्हाई. वाणाचा हाय. ठेवतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्या पांढऱ्या अक्षरांकडे, मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे. आणि बारा इंची घेऊन गेला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला.

भागवत मंडपाच्या खांबाला टेकून जिलेबी खात होता. मी त्याला स्टेजवरूनच हाक मारली. "भागवत, शनिवारी बेस डाव्या हातानं काढ."

"म्हंजे? तू?"

"माझं न्हाई जमत."

धम्मप्रियानं माझ्याकडे बघितलं. मग तिनं आपला माईक बंद करून खाली ठेवला.

मी वायर परत घट्ट बसवली आणि अ‍ॅम्प सुरू केला. ह्या खेपेला बटण निम्म्याच्या पुढे नेलं, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. मंडपात आता आचारी आणि खुर्च्या गोळा करणारी माणसंच उरली होती. मी एकटाच वाजवायला लागलो. नुसता बेस, गाणं नाही, काही नाही. उभ्या आयुष्यात कोणी नुसता बेस ऐकायला बसलेलं मी पाहिलं नव्हतं. खालच्या तारेवरून मी त्यांच्या देवघरात म्हटल्या जाणाऱ्या एका भजनाची चाल काढली, संथ, एकेक सूर पुरता बोलू देत. स्टेजच्या फळ्या थरथरल्या.

सासऱ्यांनी डोळे उघडले. ते खुर्चीत वळले, दोन्ही तळवे जाळीवर पसरले आणि कपाळही टेकवलं. त्यांचे ओठ हलत होते. शब्द बरोबर जागेवर पडत होते, एकही मागेपुढे नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि बोटं चुकू नयेत म्हणून मी मान खाली घातली.

मी थांबल्यावर त्यांनी हात काढले नाहीत. ते बोलले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं, आचाऱ्यांपर्यंत जाईल असे.

"बापू, लई ब्येस!"

मी मान हलवली.

"ह्यो एकटा पडतोय पण. एकाच बाजूनं येतंय." त्यांनी आपला डावा, मग उजवा तळवा मला दाखवला. "येत्या धोंड्याला ह्येचा जोडीदार घिऊ. असाच. एक ह्या हाताला, एक त्या हाताला. तुमच्या हॉलमधी बसतील की दोन!"

कनातीशी दामिनी उभी होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं. तिचा चेहरा बघून एवढं कळलं की आईनं तिलाही सांगितलंय. ती रडत होती, आणि 'दोन' ऐकल्यावर रडता रडता तिनं कपाळावर हात मारला.

"नको, मामा," मी म्हणालो. "नको, एक पुरे आहे —"

पण त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतंच. त्यांनी दोन्ही हात पुन्हा जाळीवर ठेवले होते आणि मान तिकडेच वळवून ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. तिथून उत्तर द्यायचं तर माझ्याकडे शब्द नव्हता, तारच होती. मी सगळ्यात खालची तार छेडली.

त्यांनी ती पूर्ण विरेपर्यंत ऐकली. मग समाधानानं जाळीवर थाप मारली.

"ठरलं मग," ते म्हणाले.